गर्भिणी परीक्षणात पीसीआर व तत्सम चाचण्यांचे स्थान

गर्भसंभवाच्या सामग्रीत सुश्रुताचार्यांनी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार घटकांची गणना केली आहे, हे सर्व वैद्यबंधू-भगिनींना विदितच आहे. परंतु गर्भिणी समोर बसली असता आपण अंबूचा, म्हणजे पोषक रसाचा, विचार जितक्या सहजतेने करतो तितका बीजाचा आणि माता-गर्भाच्या रक्तविरोधाचा करीत नाही. या उणिवेचे विवेचन आमच्याच चुकीपासून करणे उचित होईल.

भोकरदन तालुक्यातील धावडा परिसरातील एक स्त्री तिसऱ्या गर्भावस्थेत, पाचव्या मासी आमच्याकडे आली. पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात स्रवला होता. दुसरे अपत्य जन्मल्यावर तीव्र कामलेने दगावले होते. आम्ही फलघृत व शतावरीकल्प योजिला. काश्यपसंहितेतील जातहारिणीचे वर्णनही मनात येऊन गेले. मात्र जुन्या कागदावर ‘ओ निगेटिव्ह’ असे स्पष्ट लिहिलेले असताना पतीचा रक्तगट विचारावयाचे राहून गेले. सातव्या मासी तिच्या सासूबाई सहज म्हणाल्या, “आमच्या पोराचं रक्त पॉझिटिव्ह हाय, डॉक्टर.” तेव्हा कुठे इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी केली. प्रतिद्रव्ये तयार झालेली होती. तिला तातडीने घाटी रुग्णालयात पाठविले. बालक रक्त बदलून वाचले, परंतु आमच्या हातून दोन महिने गेले होते, हे विसरता येत नाही.

आरएच पॉझिटिव्ह गर्भाचे रक्त आरएच निगेटिव्ह मातेच्या रक्तात मिसळले की माता त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. ती पुढील गर्भाच्या रक्तपेशी फोडतात. गर्भस्रावानंतर ७२ तासांच्या आत, पुढील गर्भावस्थेत २८व्या आठवड्यात आणि प्रसूतीनंतर बालक पॉझिटिव्ह असल्यास पुन्हा ७२ तासांत अँटी-डी दिल्यास हे टळते. एकदा प्रतिद्रव्ये झाली की अँटी-डी निरुपयोगी ठरते.

गर्भाचे डीएनए मातेच्या रक्तद्रवात सापडते, हे डेनिस लो व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. त्यातून गर्भाचा आरएच गट सुईविना कळू लागला. डेन्मार्कने २०१० मध्ये व नेदरलँड्सने २०११ मध्ये ही चाचणी राष्ट्रव्यापी केली, जेणेकरून निगेटिव्ह गर्भाच्या मातेस अँटी-डी देण्याची गरज पडू नये. आपल्याकडे मात्र निगेटिव्ह व्यक्ती शेकडा सुमारे पाचच आहेत. बहुतेक गर्भ पॉझिटिव्हच असणार. म्हणून सरसकट चाचणीने फारशी बचत होणार नाही. आमच्या मते तिचा खरा उपयोग प्रतिद्रव्ये झालेल्या स्त्रीत आहे. पती एकाच बाजूने पॉझिटिव्ह जनुक बाळगत असल्यास निम्मे गर्भ निगेटिव्ह असू शकतात, आणि तसे कळल्यास स्त्रीची मोठी यातायात वाचते. बाकीच्यांसाठी पतीचा रक्तगट व कूम्ब्स चाचणी पुरेशी आहे, आणि ती स्वस्तही आहे.

संसर्गांच्या बाबतीत पीसीआर कोठे लागते, हेही नेमके जाणावे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सिफिलिस यांची पहिली चाचणी साधीच असते. परंतु एचआयव्ही बाधित मातेच्या बालकात मातेची प्रतिद्रव्ये सुमारे १८ महिन्यांपर्यंत राहतात, त्यामुळे साधी चाचणी फसवते. तेथे सहाव्या आठवड्यात वाळलेल्या रक्तबिंदूवरील पीसीआर निर्णायक ठरते. हिपॅटायटिस बीमध्ये विषाणूंची संख्या मोजणारी चाचणी औषधाचा निर्णय देते. बालकास २४ तासांत लस देणे त्यापेक्षाही अगत्याचे. दोन आठवडे खोकणाऱ्या गर्भिणीच्या थुंकीसाठी गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट यंत्र आता बऱ्याच ठिकाणी आले आहे. उलट, दोन गर्भपात झाले की लिहून दिली जाणारी ‘टॉर्च’ तपासणी आम्हास बहुधा निष्फळ वाटते. तिच्यातील आयजीएम पॉझिटिव्ह येण्याने घरे भयभीत होतात आणि औषध काहीच ठरत नाही.

थॅलसेमिया व सिकलसेल हे बीजदुष्टीचे प्रत्यक्ष उदाहरणच होय. प्रथम हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी. पत्नी वाहक निघाल्यास पतीची. दोघेही वाहक असल्यासच जनुकीय चाचणी. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेचे या क्षेत्रात दीर्घ कार्य आहे.

औषधालयाच्या मालकांना दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. गर्भपाल रसात हिंगूळ व नागभस्म असते; वारंवार गर्भस्राव होणाऱ्या स्त्रीस कागदावर वैद्याची सही नसता, रक्तगट न पाहता तो देऊ नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मातेच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएवरून लिंगही समजते. महाराष्ट्राने १९८८ सालीच याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ चा कायदा २००३ मध्ये अधिक कडक झाला. तरी राज्यातील बाललिंग गुणोत्तर २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले. नमुना घेऊन जाणारा मध्यस्थ दुकानी आला, तर कमिशन कितीही असो, त्यास दारातूनच परत पाठवावे. लिंग जाणण्यासाठी अशी चाचणी करविणे हा नोंदणीकृत केंद्रातही गुन्हाच आहे.

धावड्यासारख्या गावी यातील बहुतेक प्राथमिक तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेस, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, विनामूल्य होते. आम्ही आता केसपेपरवर पत्नीच्या रक्तगटाशेजारी पतीच्या रक्तगटाचा रकाना छापून घेतला आहे. तो रिकामा असल्यास फलघृताची चिठ्ठी लिहीत नाही.