बाबांची रजा : कोणाला मिळते आणि कधी घ्यावी?



कुटुंबाचा पाठ शिकवताना वर्गात विचारून बघा, "घरात बाळ आलं की कोण काय करतं?" आई, आजी, मावशी, सगळ्यांची कामं मुलं भराभर सांगतात. बाबांचं काय? "बाबा कामाला जातात." उत्तर चूक नाही. पण बाबांना घरी थांबायची सोय आहे का, तेही पाहू.

नियम काय सांगतात?

२०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईची पगारी प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ वरून २६ आठवडे झाली. खाजगी नोकरीतल्या वडिलांसाठी त्यात काहीच नाही. कंपनीने दिली तर मिळते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पगारी पितृत्व रजा आहे. आपल्या राज्यात २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा आली, पण पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. म्हणजे आई नसली की मगच बाप आठवतो! स्वीडनमध्ये आईबाबांना मिळून ४८० दिवस असतात. त्यातले ९० दिवस फक्त बाबांचे. त्यांनी घेतले नाहीत तर ते आईलाही देता येत नाहीत.

आपल्या गावात काय होतं?

रोहिणखेडसारख्या गावात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिथं आजी असते, जावई पाहुण्यासारखा येऊन जातो. खरी कसोटी बाळंतीण सासरी परतल्यावर लागते. रात्रीचं जागरण, लसीकरण, आणि हाताशी आई नाही. केंद्राची रजा प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. म्हणून ज्यांना ती मिळते त्यांनी बारशाच्या धावपळीत संपवू नये, या दिवसांसाठी राखावी. न घेतलेली रजा पुढे राहत नाही.

मजुरी करणाऱ्या बापाचं काय? त्याची रजा म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. त्याला फक्त "घरात लक्ष द्या" म्हणून भागणार नाही.

आपण काय करू शकतो?

पालक सभेचा निरोप वडिलांनाही द्या. सभा संध्याकाळी, काम सुटल्यावर ठेवा. बाळाला आंघोळ घालणारे, झोळी हलवणारे बाबा वर्गातल्या उदाहरणांत येऊ द्या. आजचा विद्यार्थी उद्या बाप होणार आहे. तेव्हा रजेचा अर्ज करताना त्याला लाज वाटू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.