गट नंबर लिही

चि. सोनू,


तुझा प्रबंध मिळाला. तू डॉक्टर झालीस याचा आनंद शब्दांत मावणारा नाही, म्हणून तो बाजूला ठेवून कामाचं लिहितो. मधली प्रकरणं मला जेमतेम समजली. पण शेवटचं परिशिष्ट, घोड नदीच्या काठच्या जुन्या वस्त्यांची यादी, ती मात्र ओळ न् ओळ वाचली. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात, मोजणीच्या कामात गेली. त्या यादीचं तू पुढे काय करणार आहेस, एवढंच विचारायचं आहे.

प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहील, 'शोधगंगा' या संकेतस्थळावर चढेल, तुझ्या विषयातली माणसं तो वाचतील. पण पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड राहणार की जाणार, हे ती माणसं ठरवत नाहीत. ते बांधावर ठरतं. शेततळं कुठे घ्यायचं, जेसीबी कधी सांगायचा, निघालेली माती कुणाच्या रानात टाकायची, या बोलण्यात ते ठरतं. जुन्या वस्तीची राखाडी माती रानाला चांगली, धाब्याच्या घरावर टाकायला चांगली, म्हणून लोक पूर्वापार ती नेत आले. बैलगाडीने नेत होते तोवर टेकाड हळूहळू उतरायचं. आता ट्रॅक्टर लावला की चार दिवसांत वावर सपाट होतं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वी माणसं नांदत होती हे तालुक्याच्या कुठल्याच दप्तरात नसेल, तर त्या शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा?

त्याच नदीकाठच्या इनामगावचंच बघ. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. पाच खोल्यांचं घर निघालं, अंगणात चार पायांचा मातीचा रांजण आणि त्यात बसलेल्या अवस्थेत पुरलेला माणूस. नदीचं पाणी वळवायचा पाट निघाला. तिथे खोदणाऱ्या ढवळीकर सरांसारख्या माणसांनी आयुष्य ओतलं, म्हणून इनामगाव जगाला माहीत झालं. तुझ्या यादीतल्या बाकीच्या टेकाडांना असं कुणी नाही. त्यांच्यासाठी तुझी नोंद हीच पहिली, आणि कदाचित शेवटचीही.

म्हणून सांगतो, ती यादी मराठीत कर आणि प्रत्येक ठिकाणापुढे गट नंबर लिही. तू अक्षांश-रेखांश दिलेत, ते हवेतच. पण प्रांत कचेरीत फाईल गट नंबरावर चालते. 'गावाच्या उत्तरेला दोन किलोमीटर, ओढ्याच्या डाव्या काठाला' हे वर्णन पन्नास वर्षांनी कुणालाच लागू पडत नाही. गाव वाढतं, ओढा सरळ करतात. उजनी धरणाच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली आणि त्याच नावाने दुसरीकडे वसली. पळसदेवचं जुनं देऊळ धरणातलं पाणी उतरलं की वर दिसतं, गाव मात्र भलतीकडे. जुन्या अहवालांत सर्व्हे नंबर असतात आणि जमिनींच्या एकत्रीकरणानंतर त्यांचे गट झाले. तलाठ्याकडे नाहीतर आमच्या कचेरीत दोन्ही जुळवून मिळतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातच सगळं आहे.

खापरांचं वर्णन थोडक्यात दे: लाल पृष्ठभाग, काळी नक्षी, तोटीचं भांडं. टेकाडाची लांबी-रुंदी-उंची, कुठल्या तारखेला पाहिलं, किती भाग शाबूत होता, हे लिही. जिथे हिंडून काहीच सापडलं नाही ती गावंही लिही. पुढच्या मुलाचे पाय वाचतील.

जमीनमालकाला आधी भेट, यादी कचेरीत नंतर दे. आपली जमीन सरकार घेणार ही धास्ती खरी असते, आणि ती धास्ती बसली की टेकाड रातोरात जातं. त्याला नीट समजावून सांग, की तुझ्या नोंदीने सातबाऱ्यावर काही चढत नाही, प्राचीन स्मारकांच्या १९६०च्या राज्य कायद्याखाली टेकाड संरक्षित करायचं तर शासनाची अधिसूचना लागते. वस्तू सापडल्या तर त्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवायच्या, हा १८७८चा निखात निधीचा कायदाही सांग. १९७४ साली दायमाबाद या अशाच जुन्या वस्तीच्या जागी झाडाचं मूळ खणताना धातूचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा निघाले ते एका शेतकऱ्याच्याच हाताला. पहिली पारख नेहमी त्यालाच करायची असते.

एक मात्र सांभाळ. अचूक जागा सगळ्यांना देऊ नकोस. गुप्तधनाच्या नादाने अमावास्येला खड्डे घेणारे अजूनही आहेत. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि तहसील कचेरीला पूर्ण तपशील दे. शाळेला, ग्रामपंचायतीला गाव आणि त्याची गोष्ट सांग, गट नंबर नको.

इंग्लंडात अशी नोंद जिल्ह्या-जिल्ह्याच्या स्थानिक प्रशासनाकडे असते आणि बांधकामाची परवानगी देताना ती पाहतात, हे तूच मला सांगितलं होतंस. आपल्याकडे ग्रामपंचायतीत जैवविविधतेची नोंदवही असते, कुठल्या शिवारात कोणतं झाड ते त्यात लिहितात. जुन्या वस्त्यांचीही तशी वही का असू नये, हा प्रश्न मला पडतो. तोवर तुमच्या विद्यापीठाने एवढं केलं तरी खूप, की प्रबंध जमा करताना ठिकाणांची मराठी यादी संचालनालयात पोचल्याची पोच मागायची. तू शिकवायला लागलीस की हा आग्रह धर.

शेततळ्यांची खोदाई उन्हाळ्यात जोर धरते. त्याआधी यादी जायला हवी. परिशिष्टाची प्रत मला पाठव, गट जुळवायला मी बसतो. शिरूर तालुक्यातली नदीकाठची गावं आधी घेऊ, तिथे सध्या मशिनं जास्त चालतात.

तुझा,
मामा