पाणवठ्यावरील प्रयोगशाळा

वऱ्हाडात पाण्याची परीक्षा जिभेने करण्याची जुनी रीत आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूगर्भातील पाणी मचूळ, किंबहुना खारट असते. साहजिकच ज्या विहिरीचे पाणी गोड, ती विहीर चांगली अशी गावकऱ्यांची धारणा पिढ्यान् पिढ्या झालेली आहे. क्षारांच्या बाबतीत ही परीक्षा बऱ्याच अंशी उपयोगी पडते. तथापि पटकी, कावीळ वा विषमज्वर यांच्या रोगजंतूंना चव नाही, वास नाही आणि रंगही नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी या गावांत पटकीची साथ उद्भवली आणि काहींना प्राण गमवावे लागले. उघड्या विहिरीचे पाणी पिण्यात आले होते. ते खारट मुळीच नव्हते.

जीभ आणि जंतू यांच्यातील हे अंतर भरून काढण्याचे काम सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी करू शकतो. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. पुढे त्यास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. त्याच्याशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतून या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी दोन वर्षांत नेमके काय शिकतात, हे त्यांच्या पालकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ‘मुलगी एम.एस्‌सी. करते’ एवढेच काय ते सांगितले जाते.

या शिक्षणाचा पाया म्हणजे निर्जंतुक पद्धतीने काम करण्याची हाताला लागलेली सवय. ज्योतीजवळ बसणे, नळीचे तोंड ज्योतीवरून फिरविणे, तारेचे वेटोळे लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ देणे, कापसाचा बोळा टेबलावर न ठेवता करंगळीत धरणे, ह्या क्रिया पुस्तक वाचून येत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत विद्यार्थ्यांच्या तबकड्यांवर हवे ते जंतू कमी आणि हवेतील बुरशीच अधिक वाढते. त्यातूनच हात तयार होतो. ज्या अगारावर हे जंतू वाढवितात, त्याचा वापर फॅनी हेस्से या गृहिणीने स्वयंपाकघरातील अनुभवावरून सुचविला. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत तो १८८० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत रूढ झाला. मुरंब्याच्या पातेल्यापासून रोगनिदानापर्यंतचा हा प्रवास शाळकरी मुलांना फार आवडतो, असा विज्ञानाचे कार्यक्रम करणाऱ्यांचा अनुभव आहे.

पाण्याच्या तपासणीत रोगजंतू प्रत्यक्ष शोधीत बसत नाहीत. ते संख्येने थोडे असतात व सहज सापडत नाहीत. त्याऐवजी माणसाच्या व जनावरांच्या आतड्यांत नित्य राहणाऱ्या ‘ई. कोलाय’ या जंतूचा शोध घेतला जातो. तो आढळला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे, आणि मग पटकीचे जंतूही कोणत्याही दिवशी येऊ शकतात. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू मुळीच आढळू नये, असे भारतीय मानक सांगते. त्यासाठी पाण्याची ठराविक मापे पाच-पाच नळ्यांच्या तीन संचांत घालून ३७ अंश सेल्सिअस तापमानास ठेवतात. नळीतील जांभळा द्रव पिवळा झाला आणि आतील उलट्या लहान नळीत वायू साचला, तर संशय घ्यावयाचा. नंतर निराळ्या माध्यमावर हिरवट धातूसारखी चमक दिसते का, ते पाहावयाचे आणि शेवटी रंजन करून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावयाची. यास तीन-चार दिवस लागतात. पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. धारणीहून परतवाड्याचा घाट उतरून अमरावतीस बाटली आणणे म्हणजे काय, हे तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको.

याच अडचणीवर ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपा उपाय प्रसिद्ध केला. लहान बाटलीत रसायने शोषलेली कागदाची पट्टी असते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबेत ठेवावयाची. पाणी दूषित असेल तर जंतूंनी निर्माण केलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे ते काळे पडते. त्यासाठी वीज लागत नाही, उबवणयंत्रही लागत नाही. मात्र वऱ्हाडचा मे महिना उबेच्याही पलीकडे जातो. अशा वेळी बाटली रांजणाशेजारी सावलीत ठेवणे बरे, आणि पौषात ती घोंगडीत गुंडाळावी.

या बाटलीच्या मर्यादा लपविणे हा विज्ञानाचा प्रसार नव्हे. मातीतील काही निरुपद्रवी जंतूंमुळेही पाणी काळे पडू शकते. म्हणून काळ्या निघालेल्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत पुन्हा तपासावयास हवे, आणि तोवर ते शुद्ध केल्याविना पिऊ नये. बाटली काळी न पडणे म्हणजेही शुद्धतेची सनद नव्हे. क्षार, नायट्रेट व फ्लोराइड यांबद्दल ती काहीच सांगत नाही. खारपाणपट्ट्यात तर एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते : पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत; उलट पाणी आटते तसा खारेपणा वाढतो.

सातवी-आठवीच्या वर्गात ही बाटली नेली, की गणिताचा तासही साधतो. विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली २ मीटर असेल, तर ३.१४ गुणिले ९ गुणिले २ भागिले ४, म्हणजे सुमारे १४ घनमीटर, अर्थात १४,००० लिटर पाणी झाले. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीचे विरंजक चूर्ण अडीच ग्रॅम या हिशेबाने ३५ ग्रॅम लागेल. गावात यालाच टीसीएल म्हणतात. त्याची पातळ लापशी करून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडावयाची आणि किमान एक तास थांबावयाचे. गावचा जलसुरक्षक ओ.टी. चाचणी करतो तेव्हा पाणी पिवळे का होते, हे ज्या मुलास उमगले, तो घरी गेल्यावर आजीला सांगितल्याशिवाय राहत नाही. चूर्णाची पिशवी उघडी राहिल्यास त्यातील क्लोरीन उडून जातो, हेही याच वेळी सांगावे. पुष्कळ गावांत गफलत होते ती येथेच.

परंतु जंतू म्हटले की रोग, असा ग्रह मुलांच्या मनात रुजवून परतणे हे अर्धेच शिक्षण होय. दह्याचे विरजण घरोघरी असते. शेतकऱ्याला सांगावयाचे तर रायझोबियमची गोष्ट सांगावी. अकोल्यास २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या व आज डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठामुळे जिवाणू खतांचे नाव या भागात नवे नाही. तरीही पाकिटातील काळी भुकटी सजीव आहे, हे मनावर ठसलेले नसते. पाकीट उन्हात राहिले, की जिवाणू मेले. बियाण्यास आधी बुरशीनाशक व सर्वांत शेवटी जिवाणू लावावयाचे, बियाणे सावलीत सुकवावयाचे व लगेच पेरावयाचे. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्यास चालत नाहीत. तुरीचे रोप हलकेच उपटून मुळावरील गाठ नखाने फोडावी. आत लालसर गुलाबी रंग दिसला, तर ती नत्र बांधीत आहे. एवढ्या प्रयोगास सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

बोलण्याची भाषा हा मात्र कठीण भाग. विद्यार्थ्याने जे इंग्रजीत शिकले, ते वऱ्हाडी बोलीत, आणि मेळघाटात कोरकू भाषिकांच्या मदतीने सांगावयाचे असते. या जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले व रात्री कीर्तनातून प्रश्नांमागून प्रश्न विचारले. उत्तरे श्रोत्यांकडूनच वदवून घेतली. ‘हे पाणी दूषित आहे’ असे जाहीर करणाऱ्या विद्यार्थ्यावर गाव रुसते. विहिरीच्या मालकास अपमान वाटतो. तेच, दोन बाटल्या भरून चावडीवर ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत पाहिल्या, तर काळा रंग स्वतःच बोलतो.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झाले. त्यात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. प्रयोगशाळेत हात तयार झालेल्या विद्यार्थ्यांनी एखादा दिवस या महिलांबरोबर घालविल्यास दोघांचाही लाभ होईल. त्या वेळी एक खबरदारी अवश्य शिकवावी. काळी पडलेली बाटली म्हणजे वाढलेल्या जंतूंचा साठाच होय. ती विहिरीच्या काठी रिकामी करू नये, मुलांच्या हाती देऊ नये. आत विरंजक चूर्णाचे तीव्र द्रावण भरून काही तास ठेवावे व मगच पाणवठ्यापासून दूर खड्ड्यात ओतावे. हात साबणाने धुवावेत. आणि बाटलीवरील विहिरीचे नाव, तारीख व वेळ वहीत उतरवून घेतल्याखेरीज ती रिकामी करू नये. कारण पुढच्या पावसाळ्यात त्याच विहिरीचे पाणी पुन्हा भरावयाचे असते.