नाही म्हणण्याचे भय

शास्त्रभाग : मार्क ६:१४-२९; नहेम्या ६:१-१५; नीतिसूत्रे ६:१-५

हेरोद राजा योहानाच्या जिवावर उठलेला नव्हता. उठली होती ती हेरोदिया. योहान नीतिमान आहे हे राजा जाणून होता, त्याचे बोलणे तो आवडीने ऐकत असे. तरी एका मेजवानीत योहानाचे शिर तबकात आले. मार्क कारण देतो (वचन २६) : सर्वांदेखत वाहिलेली शपथ आणि भोजनास बसलेले पाहुणे. सरदार काय म्हणतील, या एका भयाने राजाला नकार देता आला नाही. तो खिन्न झाला, पण त्या खिन्नतेचा योहानाला काय उपयोग? हा वध मृत समुद्राच्या पूर्वेकडील मखेरस किल्ल्यात झाला, असे इतिहासकार योसेफस सांगतो. किल्ला भक्कम होता; धनी तसा नव्हता.

आता नहेम्या पाहा. सन्बल्लटाने त्याला ओनोच्या मैदानात भेटीस बोलावले, तेही चार वेळा. चारही वेळा उत्तर एकच : हाती मोठे काम आहे, ते सोडून येता येत नाही. शिवीगाळ नाही, लांबलचक सबबी नाहीत. पाचव्या वेळी बदनामीचे उघडे पत्र आले, तरी तो डगमगला नाही. कोट बावन्न दिवसांत पुरा झाला.

आपल्याकडे हा प्रसंग बहुधा कर्जाच्या कागदावर येतो. मंडळीतला बंधू म्हणतो, “पतसंस्थेत जामीन राहा, नुसती सही पाहिजे.” ती नुसती सही नसते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. लेकरांच्या फीचे पैसे त्यात जाऊ शकतात. शलमोन तर सांगतो की, अडकला असाल तर झोपही न घेता शेजाऱ्याकडे जा, विनवणी करा आणि सुटून या. नकार देणे ज्यांना उद्धटपणा वाटतो, त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

“दादा, जामीन मला राहता येणार नाही, अर्जासाठी मात्र तुमच्याबरोबर येतो,” इतके म्हणता येते. तो रागावेल, कदाचित महिनाभर उपासनेनंतर सलामही करणार नाही. हे दुःख खरेच आहे, त्याला हलके समजू नये. पुढचा सलाम आपणच करावा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी नहेम्याचा भाग नुसता वाचू नये. एका मुलाने चार वेळा निरोप आणावा, दुसऱ्याने आवाज न चढवता तेच उत्तर द्यावे. तिसऱ्या वेळी मुले हसू लागतील. हसू द्यावे, आणि चौथा निरोप आणवावा.