बर्जिल्लयाचे कान

शास्त्रवाचन : २ शमुवेल १९:३१-३९, एज्रा ३:१०-१३, १ इतिहास २५:६-८
पाठाचा हेतू : वयाबरोबर गाण्याची आवड का बदलते हे समजून घेणे, आणि मंडळीत लहानथोरांनी एकत्र कसे गावे याचा विचार करणे.



अबशालोमाचे बंड मोडले आणि दावीद राजा यार्देनेवरून परत निघाला. महनाइम येथे ज्याने त्याला अन्नधान्य पुरवले होते तो वृद्ध बर्जिल्लय त्याला पोहोचवायला आला. राजाने त्याला यरुशलेमेस येऊन आपल्याबरोबर राहण्याचे आमंत्रण दिले. बर्जिल्लयाने ते नम्रपणे नाकारले. आपण ८० वर्षांचे झालो, अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्या स्त्रीपुरुषांचा आवाज कानी पडत नाही, असे त्याने राजाला सांगितले. मात्र तो एवढ्यावर थांबला नाही. आपल्या जागी त्याने तरुण किम्हामाला राजाबरोबर पाठवले.

हा उतारा मी अनेकदा वाचला होता. त्याचा अर्थ मात्र मला दोन वर्षांपूर्वी घरीच कळला.

आमचे घराणे मराठी. आजोबा रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि कुटुंब हुबळीला आले. आज आम्ही उणकलला राहतो. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा भरते. तेथे एका तरुणाने गिटार आणि लहान ड्रम आणले. मी सर्वांसमक्ष म्हणालो, "हा गोंगाट इथे नको. पेटी आहे, तबला आहे, तेवढे पुरे." तो काही बोलला नाही. वाद्ये उचलून निघून गेला, आणि पुढचे सात महिने सभेला आला नाही.

मी स्वतःला शाबासकी देत होतो. माझे वडील ८० च्या पुढचे. त्यांना कमी ऐकू येते. त्यांच्यासाठीच मी हे केले, अशी माझी समजूत होती. एके दिवशी मी तसे बोललो तेव्हा अप्पा म्हणाले, "अरे, ड्रम मला चांगला ऐकू येतो. ऐकू येत नाहीत ते शब्द. आणि तू पंधरा वर्षांचा असताना कॅसेट लावून बसायचास, तेव्हा मीही गोंगाट म्हणत होतो. त्या पोराला बोलाव."

मी खाली मान घातली. माझ्या कानांचा हट्ट मी त्यांच्या नावावर खपवला होता.

आवड का बदलते?

अप्पांच्या बोलण्यात शास्त्रीय सत्य होते. वय वाढते तसे कानाच्या आतील सूक्ष्म पेशी झिजतात, आणि प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, फ, थ यांसारखी व्यंजने त्याच उंच पट्ट्यात येतात. म्हणून वृद्ध माणसाला आवाज कळतो, पण शब्द कळत नाहीत. वाद्ये वाढली की शब्द आणखीच बुडतात. बर्जिल्लयाचे गाऱ्हाणे हेच असावे.

दुसरे कारण आठवणीचे. १९८९ साली अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी १०८ जणांना १९३२ ते १९८६ या काळातील २८ गाणी ऐकवली. ऐकणारा साधारण २४ वर्षांचा असताना जी गाणी प्रचारात होती, ती त्याला सर्वांत अधिक आवडतात असे दिसले. त्या वयात पहिली नोकरी, जिवलग मित्र, लग्न, आणि पुष्कळांच्या बाबतीत विश्वासाचा स्वतः केलेला स्वीकार, हे सारे घडते. गाणे त्या दिवसांना चिकटून बसते. आपण गाणे आवडते म्हणतो, पण त्यात आपले तारुण्यही आवडत असते.

म्हणजे आवड कायमची गोठते काय? नाही. २०१३ साली अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की जोरकस, कर्कश संगीताची आवड किशोरवयात शिगेला असते आणि पुढे उतरत जाते. प्रौढपणी शास्त्रीय आणि साध्यासोप्या संगीताची ओढ वाढते.

आपल्या गावचे उदाहरण

यासाठी दूर जायला नको. गंगूबाई हनगल (१९१३-२००९) हुबळीच्याच. त्यांच्या नावाचे गुरुकुल आमच्या उणकललाच आहे. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक आणि उंच होता, आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांनी मराठी भावगीतेही गायिली. पुढे घशाच्या आजारावरील उपचारानंतर आवाज भरदार, जवळजवळ पुरुषी झाला. त्यांनी त्याची खंत करीत न बसता तोच आवाज साधला. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकून त्या ख्यालगायनात स्थिर झाल्या आणि हलके गायन त्यांनी सोडून दिले.

याहूनही मला मोठी वाटते ती त्यांची आई अंबाबाई. त्या कर्नाटक संगीत गात. मुलगी हिंदुस्थानी संगीत शिकू लागली तेव्हा तिच्या गळ्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून त्यांनी आपले गाणे थांबवले. बर्जिल्लयाने किम्हामाला पुढे केले. या मातेनेही तसेच केले. मागे सरणे म्हणजे पराभव नव्हे.

जुने गीतही एकदा नवे होते

आपण ज्यांना जुनी गीते म्हणतो त्यांचेही वय पाहू या. आपल्या मंडळ्यांत पूर्वी अनेक गीते इंग्रजीवरून भाषांतर केलेली आणि विलायती चालींवर गायिली जाणारी होती. रेव्ह. ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग-ओवीच्या वळणाची गीते लिहिली, तेव्हा ती मंडळीला नवीनच होती. आज त्यांवाचून आपली उपासना सुनी वाटते. आजच्या तरुणांच्या गीतांतून काय टिकेल हे आपण आजच ठरवू शकत नाही. पण शब्द सत्य आहेत काय, ते मंडळीला गाता येतात काय, एवढे पारखणे आपले काम आहे. पारख शब्दांची करावी, वाद्याचा राग करू नये.

एज्राच्या काळी मंदिराचा पाया घातला तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले आणि इतरांनी आनंदाचा जयघोष केला. रडणे कोणते आणि जयघोष कोणता हे लोकांना ओळखता येईना. शास्त्र तेथे वृद्धांना दोष देत नाही, तरुणांनाही देत नाही. आणि दाविदाने नेमलेल्या २८८ गायकांच्या सेवेचा क्रम लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकून ठरला.

करून पाहण्याजोगे

मी त्या तरुणाच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तो लगेच काही म्हणाला नाही. दोन रविवार गेले, तिसऱ्या रविवारी आला. आता आम्ही असे करतो :
१. गीताचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून आधीच हाती देतो.
२. वयाबरोबर गळा खाली उतरतो, म्हणून पेटीवर पट्टी एकदोन स्वर खाली धरतो.
३. शब्द चालू असताना ड्रम हळू, कडव्यांमधल्या जागेत मोकळा.
४. दर सभेत एक गीत वृद्धांनी तरुणांना शिकवायचे, एक तरुणांनी वृद्धांना.

अप्पांना नव्या गीतांची चाल अजून जमत नाही. पण कागद हाती धरून ते ओठ हलवतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमचे सर्वांत आवडते गीत तुम्ही कोणत्या वयात शिकलात? त्या वेळी तुमच्या जीवनात काय घडत होते?
२. मंडळीतील कोणाला आपल्या आवडीमुळे गप्प बसावे लागले आहे काय? त्याच्याकडे कोण जाईल?
३. शब्बाथशाळेतील मुलांकडून या महिन्यात आपण कोणते गीत शिकणार?

प्रार्थना : हे प्रभो, आमचे कान थकले तरी आमचे अंतःकरण बंद होऊ देऊ नकोस. आमच्यामागून येणाऱ्यांचे गाणे आनंदाने ऐकायला आम्हांला शिकव. आमेन.