ध्वनिवर्धकांतील घुमणें व त्याचा योग्य उपाय

पुणें-नाशिक रस्त्यावरील आपल्या कळंबपासून तमाशाच्या फडांसाठीं प्रसिद्ध असलेलें नारायणगांव दूर नाहीं. या भागांतील यात्रांत ध्वनिवर्धक सर्वांच्या परिचयाचा आहे. वाद्यवृंदांत खर्जाची, म्हणजे बेस गिटार असली, तर कित्येकदां वादन थांबल्यावरही कर्ण्यांतून ‘घूं’ असा अखंड आवाज येत राहतो. त्याचें कारण विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावें. कारण त्यावर सर्रास केला जाणारा एक उपाय प्राणघातक आहे.

गिटारीचा आवाज तिच्या ध्वनिवर्धकांतून लांब तारेनें मिक्सरकडे जातो. या तारेंत जाळीच्या कवचाआड दोन तारा असतात. एकींतून मूळ लहर जाते, दुसरींतून तीच उलटी. वाटेंतील विजेचा उपद्रव मात्र दोघींस सारखाच होतो. मिक्सर दोहोंची वजाबाकी करतो. समजा, लहर एकीवर अधिक १ व दुसरीवर उणें १ आहे, आणि उपद्रव दोहोंवर अधिक ३ आहे. तर पहिलीवर ४ व दुसरीवर २ झाले, वजाबाकी २. लहर दुप्पट झाली, उपद्रव नाहींसा झाला! उपद्रव दोघींवर सारखाच पडावा, म्हणूनच टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळतात; या युक्तीचें पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं १८८१ मध्यें घेतलें.

मग घुमणें कां उरतें? ध्वनिवर्धक रंगमंचावरील विजेवर चालतो, मिक्सर दूरच्या दुसऱ्या जोडणीवर. दोहोंचीं अर्थिंगें जाळीच्या कवचानें पुन्हां जोडलीं गेलीं, कीं एक वेटोळें पुरें होतें व त्यांतून प्रवाह वाहूं लागतो. कांहीं ध्वनिवर्धकांत कवच आंतील मंडलास अयोग्य जागीं जोडलेलें असतें; तेथें हा प्रवाह मूळ लहरींतच मिसळतो. असा उपद्रव वजाबाकीनें जात नाहीं.

तो गाळूनही टाकतां येत नाहीं. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे. बेस गिटारीची सर्वांत जाड तार सुमारें ४१ व तिच्या शेजारची ५५ आवर्तनें देते. मधला एक स्वर तर ४९ चा आहे. घुमणें गाळूं जावें, तर सूरच गळतो.

अशा वेळीं कित्येक जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. घुमणें थांबतें खरें. परंतु पुढें यंत्रांत बिघाड झाल्यास वीज धातूच्या पेटींतून गिटारीच्या तारांवर येते, आणि वादकाचा स्पर्श मायक्रोफोनला होतांच ती त्याच्या देहांतून वाहते. हा उपाय कदापि करूं नये.

दोन्ही यंत्रें शक्यतों एकाच जोडणीवर चालवावीं. नाहीं तर आवाजाच्या तारेचें कवच एका टोंकास सोडवावें. त्यासाठीं पुष्कळ ध्वनिवर्धकांवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नांवाची कळ असते. तेवढ्यानें न भागल्यास मध्यें ट्रान्सफॉर्मर घालावा. त्यांत लहर चुंबकत्वानें पलीकडे जाते, तारेस तार लागत नाहीं. शिवाय मिक्सरकडून मायक्रोफोनसाठीं येणारा ४८ व्होल्टचा दाबही ध्वनिवर्धकापर्यंत पोंचत नाहीं.

खोडदजवळच्या रेडिओ-दुर्बिणींत तर ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांकडील लहरी कांचेच्या तंतूंतून प्रकाशरूपानें मध्यवर्ती इमारतींत येतात. कांचेंतून वीज वाहतच नाहीं. तात्पर्य, जोड तोडावयाची ती आवाजाच्या मार्गांतील. प्राणरक्षण करणारी अर्थिंगची तार कधींही नव्हे.