डबा कुठे दडला?

खजिना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मोहरांचा हंडा आणि त्यावर वेटोळे घालून बसलेला नाग. मग एखादा मांत्रिक गावात येतो. "तुमच्या शेतात गुप्तधन आहे," असे सांगतो. पूजेसाठी पैसे घेतो आणि रातोरात पसार होतो. त्या खजिन्याबद्दल इथे बोलायचे नाही. हा खजिना खेळातला आहे. एक साधा डबा असतो. डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. बस्स, एवढेच! तरी त्यासाठी माणसे कोस कोस चालतात.

हा खेळ सुरू झाला इंग्लंडात. तिथे डार्टमूर नावाचे मोठे माळरान आहे. त्याच्या उत्तर भागात क्रॅनमियर नावाची दलदलीची जागा आहे. धड वाट नाही, वस्ती नाही. पाय टाकावा तिथे चिखल. जेम्स पेरट नावाचा वाटाड्या हौशी लोकांना तिथे नेत असे. १८५४ साली त्याने तिथे दगडांची रास रचली आणि तिच्यात एक बाटली ठेवली. जो तिथवर पोचेल, त्याने आपल्या नावाची चिठ्ठी बाटलीत टाकायची. आपण इथवर आलो होतो, याची ती खूण.

पुढे लोकांना आणखी एक गंमत सुचली. आपल्याच घरचा पत्ता लिहिलेले कार्ड ते तिथे ठेवू लागले. मागून येणाऱ्याने ते उचलायचे, गावात गेल्यावर टपालपेटीत टाकायचे आणि आपले कार्ड तिथे ठेवून यायचे. ओळख ना पाळख, पण पत्र मात्र इमानाने पोचवायचे! कार्ड घरी आले नाही, तर समजावे की अजून तिकडे कोणी फिरकले नाही. म्हणून याला पत्रपेटीचा खेळ म्हणतात. १९०५ साली तिथे नावे लिहायला वही आली. पुढे शिक्केही आले. आता त्या माळावर असे शेकडो डबे दडलेले आहेत.

खेळणाऱ्याजवळ स्वतःची वही आणि स्वतःचा शिक्का असतो. शिक्का पुष्कळ जण घरीच करतात. खोडरबर घ्यायचे आणि त्यावर पान, मोर, बैल, काय आवडेल ते कोरायचे. अक्षर कोरायचे असेल तर ते आरशात दिसते तसे उलटे कोरावे लागते. नाहीतर कागदावर ते उलटे उमटते. डबा सापडला की आपला शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा आणि डब्यातला शिक्का आपल्या वहीत. खाली नाव आणि तारीख. मग डबा होता तिथेच ठेवायचा.

पण डबा सापडणार कसा? त्याची जागा चिठ्ठीत लिहिलेली असते, तीही आडवळणाने. चिठ्ठी वाचता आली तरच वाट सापडते.

असा खेळ आपल्याकडे मांडता येईल का? पुण्याचे उदाहरण घेऊ. मुळा आणि मुठा यांचा संगम झाला की पुढे मुळा-मुठा नदी वाहते. तिच्या एका काठाला येरवडा. समोरच्या काठाला बंडगार्डन, म्हणजे आताचे महात्मा गांधी उद्यान. नदीला तिथे बंधारा आहे. जवळच दीडशे वर्षांहून जुना फिट्झेराल्ड पूल आहे. त्याच्या टोकांना सिंहांच्या मूर्ती आहेत.

समजा, येरवड्याची एक आजी नुकतीच वाचायला शिकली आहे. नातवाला घेऊन ती नदीवर आली. तिच्या हातातली चिठ्ठी अशी आहे:

नदी जिथे अडते, तिथे या.
गुरगुरत नाही, चावत नाही, असा सिंह शोधा.
मग बागेत शिरा. दाढीवाल्या झाडाशी थांबा.
सूर्य मावळतो तिकडे तोंड करून दहा पावले चाला.

आजी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचते. नातू उड्या मारतो.

"आजी, दाढीवालं झाड कसं असतं गं?"

"अरे, वड तो! पारंब्या लोंबतात नव्हं?"

"मग चल पळत!"

"थांब बाळा, पुढची ओळ वाचू दे. मावळतीकडं जायचंय. तू निघालास उगवतीला!"

"दहा पावलं माझी का तुझी?"

नातवाने बरोबर विचारले. त्याची दहा पावले आजीच्या सहा पावलांएवढी. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याने 'मोठ्या माणसाची दहा पावले' असे लिहायला हवे होते. लिहिणाऱ्याने एक शब्द गाळला, तर वाचणारा भलतीकडे जातो.

डबा सापडला. आजीपाशी शिक्का नव्हता. शाई पाहून सवयीने तिचा अंगठाच पुढे झाला. तलाठ्याकडे, सोसायटीत आजवर तोच पुढे होत आला होता.

"आजी, नाव लिही ना!"

"लिहिते रे. पण शिक्का नको व्हय? हाच माझा शिक्का."

तिने अंगठा उमटवला आणि खाली स्वतःच्या हाताने नाव लिहिले.

आता एक महत्त्वाची गोष्ट. डबा कुठेही लपवून चालत नाही. याच भागात, कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी एका बेवारस पिशवीत बॉम्ब फुटला आणि माणसे मेली. बेवारस वस्तू पाहून लोक घाबरतात, ते उगीच नाही. म्हणून बागेच्या अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. आतले दिसेल असा डबा घ्यावा. त्यावर 'खेळाचा डबा. वाचा आणि परत ठेवा' असे ठळक लिहावे. झाडाला खिळा मारू नये, घरट्याजवळ जाऊ नये. पावसाळ्यात खडकवासल्याचे पाणी सोडले की नदी फुगते, म्हणून डबा काठापासून उंचावर ठेवावा.

२००० साली अमेरिकेत या खेळाचे दुसरे रूप निघाले. त्यात उपग्रहाच्या मदतीने यंत्रच जागा दाखवते. काम सोपे होते खरे, पण वड कुठला आणि मावळत कुठली, हे यंत्र विचारत नाही. मला चिठ्ठीचा खेळ अधिक गोड वाटतो.

आता तुम्ही लिहा

तुमच्या गावातली एक जागा मनात धरा. पार, विहीर, चावडी, काहीही चालेल. तिचे नाव न घेता तिथवर नेणारी चार ओळींची चिठ्ठी लिहा. ती शेजाऱ्याला वाचायला द्या. तो पोचला नाही, तर कुठल्या ओळीवर अडला ते विचारा आणि ती ओळ पुन्हा लिहा.